दुकान वाढवणे

मागे एका शनिवारी आईने माळा आवरायला लावला. माळ्यावर नेहमीचंच सगळं होतं: फुटका पाळणा, गणपतीचं मखर, माझं इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं ड्राफ्टर (ते मी पहिल्या सेमिस्टरनंतर कधी वापरलं देव जाणे). आणि त्या सगळ्याच्या मागे, गोणपाटात बांधलेला लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांचा गठ्ठा. आप्पांचे रोजमेळ. आमच्या चिंचवडगावातल्या किराणा-भुसार दुकानाचे.

आजोबांनी १९७४ साली दुकान सुरू केलं, आप्पांनी ते २०११ पर्यंत चालवलं. सदतीस वर्षं. गठ्ठ्यात शेवटच्या नऊ वर्षांच्या वह्या होत्या, बाकीच्या वाळवीने केव्हाच निकालात काढल्या असाव्यात. मी म्हटलं रद्दीत देऊ. आप्पा काहीच बोलले नाहीत. आईच म्हणाली, "राहू दे. मॉलने दुकान खाल्लं, निदान वह्या तरी राहू देत."

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. आमच्या घरात ते पंचांगातल्या तिथीसारखं आहे, त्यावर कोणी वाद घालत नाही. आमच्या दुकानापासून तीन-चार मिनिटांच्या अंतरावर २००७ साली एका साखळीचं चकचकीत दुकान उघडलं, आणि चार वर्षांनी आमचं बंद झालं. आधी हे, मग ते, म्हणजे ह्याच्यामुळे ते. आमच्या धंद्यात (म्हणजे सॉफ्टवेअरच्या) असं म्हणणाऱ्या माणसाला कोणी प्रॉडक्शन सर्व्हरला हात लावू देणार नाही, पण घरी मीही कधी उलटतपासणी केली नव्हती. का केली नव्हती, ते शेवटी सांगतो.

तर, त्या वह्या मी पुण्याला घेऊन आलो आणि तीन वीकएंड त्यातले आकडे स्प्रेडशीटमध्ये भरत बसलो. बायकोने पहिल्या दिवशी कौतुक केलं, दुसऱ्या वीकएंडला चहा बंद केला :-) पण एक वही उघडली की दुसरं काहीतरी वाचावंसं वाटायचं, आणि वाचता वाचता दुकानं उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या गोष्टीत मी पार अडकलो. आजचा लेख त्याचाच.

सुरुवातीलाच एक शब्द. आपल्याकडे दुकानदार रात्री "दुकान बंद करतो" म्हणत नाही. बंद हा शब्द अशुभ. तो म्हणतो, "दुकान वाढवतो". बांगडी फुटत नाही, वाढते, तसंच. म्हणजे मराठीत दुकान वाढवणे ह्याचे दोन अर्थ होतात, धंदा मोठा करणे आणि शटर खाली ओढणे. लहानपणी मला ह्याची गंमत वाटायची. पण गेल्या पंचवीस वर्षांतल्या मोठ्या साखळी दुकानांची हकिगत वाचली की वाटतं, आपल्या पूर्वजांना ह्या धंद्याची चांगलीच माहिती होती.

नायगाव ते लोअर परळ

मोठं दुकान ही गोष्ट मॉलबरोबर आली असा आपल्या पिढीचा समज आहे. तो चूक आहे. मुंबईत नायगावला गिरणी कामगारांच्या वस्तीत १९४८ साली एक ग्राहक सहकारी संस्था सुरू झाली. युद्धाच्या काळातलं रेशनिंग आणि काळाबाजार लोकांच्या चांगलाच लक्षात होता. कामगाराला चोख वजनात, वाजवी भावात धान्य मिळावं एवढाच हेतू. हीच संस्था पुढे "अपना बाजार" म्हणून मुंबईभर पसरली. एका छताखाली धान्य, कापड, भांडी, औषधं. ज्यांचं लहानपण मुंबईत गेलं त्यांना दिवाळीच्या आधीची तिथली गर्दी आठवत असेल.

मग उदारीकरण आलं, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेअर बाजारातल्या एका शांत माणसाने नेरुळला ह्याच अपना बाजारची फ्रँचायझी चालवायला घेतली. राधाकिशन दमाणी. सहकारी दुकान चालवून त्यांनी धंद्याची रीत समजून घेतली आणि २००२ साली पवईला स्वतःचं पहिलं दुकान काढलं, डी-मार्ट. म्हणजे आज जिथे आपण रविवारी ट्रॉली ढकलत रांगेत उभे असतो, त्याची एक मुळी गिरणगावात जाते. मला हे वाचून फार बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

त्याच्या एक वर्ष आधी, २००१ मध्ये, किशोर बियाणींनी बिग बझार सुरू केला. पहिलं दुकान कोलकात्याला, आणि लगोलग हैदराबाद आणि बंगलोर. मुंबईतलं लोअर परळला, फिनिक्स मिलच्या जागेत. गिरणी कामगारांनी आपल्यासाठी दुकान काढलं ते १९४८ साली, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांनी गिरणीच्याच जागेत दुकान आलं तेव्हा कामगार तिथे नव्हता. असो.

बियाणींची एक गोष्ट मला आवडते. परदेशी सुपरमार्केटची नक्कल न करता त्यांनी मंडई आत आणली. मुद्दाम गर्दी, मुद्दाम ढीग, हात घालून धान्य बघायची सोय. मध्यमवर्गाला एसी दुकानाची भीती वाटते, हे त्यांनी ओळखलं होतं. २६ जानेवारी २००६ ला त्यांनी "सबसे सस्ता दिन" काढला तेव्हा इतकी झुंबड उडाली की काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले आणि दुकानं लवकर वाढवावी लागली (पहिला अर्थ की दुसरा, तुम्हीच ठरवा).

त्याच वर्षी रिलायन्स फ्रेशचं पहिलं दुकान हैदराबादला उघडलं आणि देशभर एकच घबराट झाली. २००७ च्या मे महिन्यात रांचीत भाजीवाल्यांनी दुकानांवर दगडफेक केली. ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशात मायावतींच्या सरकारने कंपनीची दुकानं बंद करायला लावली. आमच्या चिंचवडमध्येही व्यापारी संघाची बैठक झाली होती. आप्पा गेले होते. परत आल्यावर म्हणाले, "चहा चांगला होता."

सोळाशे दुकानांची गोष्ट

आता त्या काळातली सगळ्यात थरारक कहाणी. सुभिक्षा. आठवतंय का? साधं, विनाएसी, छोटं दुकान, बाहेर बोर्डावर मोठ्या अक्षरात किती वाचले ते लिहिलेलं. १९९७ साली चेन्नईत सुरू झालेली ही साखळी. संस्थापक आर. सुब्रमणियन, आयआयटी मद्रास आणि आयआयएम अहमदाबादचे. पहिली काही वर्षं फक्त तमिळनाडू, आणि हिशेब अगदी सरळ: झगमगाट नको, भाडं कमी, नफा कमी, उलाढाल जास्त. २००६ पर्यंत दीडशेच्या आसपास दुकानं होती आणि बरी चालली होती.

मग त्यांनी गाडी टॉप गिअरमध्ये टाकली. दिल्ली, मुंबई, पुणे, गुजरात, जिथे जागा दिसेल तिथे. किराणा, औषधं, मोबाइल. दोन-अडीच वर्षांत दीडशेची सोळाशे दुकानं झाली. आमच्यातल्या कोणी कधी दोन महिन्यांत युजर दहापट झालेली सिस्टिम सांभाळली असेल, तर त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

नवं दुकान उघडायला पैसा लागतो, आणि ते पहिल्या दिवसापासून पैसा देत नाही. भाडं, अनामत रक्कम, फर्निचर, माल, पगार हे सगळं आधी. सुभिक्षाने हा पैसा मुख्यतः कर्जातून उभा केला. भागभांडवल त्यामानाने फारच कमी होतं आणि बँकांचं कर्ज सातशे कोटींच्या वर गेलं. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभर पैशाचे नळ बंद झाले. सुभिक्षाला पुढचा हप्ता मिळेना. माल देणाऱ्यांचे पैसे थकले, म्हणून माल येईना. माल नाही म्हणून गिऱ्हाईक येईना. मग भाडं थकलं, पगार थकले. सुरक्षारक्षकांचे पैसे थकले तेव्हा ते निघून गेले आणि उघड्यावर पडलेल्या दुकानांत चोऱ्या झाल्या. २००९ च्या सुरुवातीला, काही आठवड्यांच्या आत, जवळजवळ सगळी दुकानं बंद पडली. पुढे २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळायचा आदेश दिला.

ह्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात रुतून बसली. २००८ च्या उन्हाळ्यात कोणी "किती दुकानं उघडली" एवढाच आकडा बघितला असता, तर सुभिक्षा देशातली सगळ्यात यशस्वी साखळी ठरली असती. उघडलेल्या दुकानांची संख्या ही तब्येत सांगत नाही. ती फक्त एवढंच सांगते की कोणीतरी पैसे दिले आहेत.

ह्याच्यासमोर डी-मार्टचा आलेख ठेवा. पवईच्या पहिल्या दुकानानंतर आठ वर्षांनी, २०१० मध्ये, त्यांची दुकानं होती पंचवीस. फक्त पंचवीस! सुभिक्षा उघडून, फुगून, फुटून गेली तेवढ्या वेळात. ते शक्यतो जागा विकत घ्यायचे, भाड्याने नाही. पुरवठादाराचे पैसे आठ-दहा दिवसांत द्यायचे, आणि त्या बदल्यात भावात सूट घ्यायची. एका भागात गोदाम आणि दुकानं दाट झाली की मगच पुढच्या भागात पाऊल. मार्च २०१७ मध्ये कंपनी बाजारात आली तेव्हा १३१ दुकानं होती. २९९ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर उघडला. मार्च २०२० मध्ये २१४, मार्च २०२५ मध्ये ४१५. तेवीस वर्षांत चारशेपंधरा. सुभिक्षाने ह्याच्या जवळजवळ चौपट दुकानं अकरा वर्षांत उघडली होती, आणि त्यातलं आज एकही नाही.

आमचे आप्पा अर्थशास्त्र शिकलेले नाहीत, पण त्यांना मी हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "भाड्याच्या जागेत उधारीचा माल ठेवला की रात्री झोप लागत नाही. ज्याला लागते तो बुडतो."

बिग बझारचं शेवटचं पान

बिग बझारचं दुखणं वेगळं होतं, पण औषध तेच चुकलं. फ्यूचर ग्रुपने अनेक प्रकारची दुकानं काढली, कर्ज वाढलं. २०१२ मध्ये त्यांना आपलं मूळ दुकानच, पँटालून्स, आदित्य बिर्ला समूहाला द्यावं लागलं. त्यानंतर थांबायला हवं होतं. पण पुढच्या पाच वर्षांत त्यांनी निलगिरीज, ईझीडे, हेरिटेज फ्रेश आणि हायपरसिटी अशा एकामागून एक साखळ्या ताब्यात घेतल्या. दुसऱ्याचं न चाललेलं दुकान आपल्या हातात आलं की चालेल, हा विश्वास माणसाला कुठून येतो ते मला समजत नाही. (माझ्या एका जुन्या मॅनेजरला दुसऱ्या टीमचा न चाललेला कोड बघून असंच वाटायचं.)

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. कपड्यांची विक्री शून्य, भाडं आणि व्याज चालूच. ऑगस्टमध्ये रिलायन्सने हा धंदा २४,७१३ कोटींना घ्यायचं जाहीर केलं. ॲमेझॉनने २०१९ मध्येच फ्यूचरच्या एका कंपनीत पैसे घातले होते, त्या कराराच्या जोरावर तिने हरकत घेतली. सिंगापूरचा लवाद, दिल्लीचं उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशी वारी सुरू झाली. इकडे भाडं थकत होतं. जागामालकांनी रिलायन्सबरोबर करार केले आणि रिलायन्सने त्याच जागा फ्यूचरला पोटभाड्याने दिल्या. म्हणजे बोर्ड बिग बझारचा, पण पायाखालची फरशी दुसऱ्याची. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने ह्या जागा ताब्यात घ्यायला सुरुवात केली. एका शनिवार-रविवारी गिऱ्हाइकं गेली तर दारं बंद! एप्रिलमध्ये सुरक्षित कर्जदात्यांनी विरोधात मत दिलं आणि मूळ सौदाही बारगळला. जुलै २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, जुलै २०२४ मध्ये ती अवसायनात काढायचा आदेश निघाला. बऱ्याच जागांवर आज स्मार्ट बझारचा बोर्ड आहे.

म्हणजे बघा, २००७ साली ज्यांच्या भीतीने आप्पा बैठकीला गेले होते, त्या राक्षसांपैकी अर्धे राक्षस मधल्या काळात स्वतःच गेले.

मग छोट्यांचं काय झालं?

मुद्द्याचा प्रश्न हा आहे. २००८ साली सरकारच्या सांगण्यावरून इक्रियर ह्या दिल्लीच्या संस्थेने ह्याचा अभ्यास केला होता. दहा मोठी शहरं, दोन हजार वीस छोटे दुकानदार. निष्कर्ष असा की मोठ्या दुकानाच्या आसपासच्या छोट्यांची विक्री आणि नफा सुरुवातीला खरंच घसरतो. पण हा परिणाम वर्षागणिक ओसरत जातो. छोटी दुकानं वर्षाला शेकडा ४.२ ह्या दराने बंद होत होती, आणि त्यातली मोठ्या दुकानांच्या स्पर्धेमुळे बंद होणारी शेकडा १.७.

हे दोन आकडे मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवले. बंद होणाऱ्या दर बेचाळीस दुकानांपैकी सतरा मॉलमुळे. हे थोडं नाही, सतरा घरांच्या चुली आहेत त्या. पण उरलेली पंचवीस कशामुळे? त्यांच्याबद्दल कोणी मोर्चा काढत नाही, कोणी दगड मारत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही.

आणि मग मी माझ्या स्प्रेडशीटकडे वळलो.

२००७ च्या दसऱ्यापासून आमचा गल्ला उतरायला लागतो. साखर, तेल, साबण ह्या ठोक मालात सगळ्यात जास्त. २००८ ची दिवाळी वाईट, अगदी वाईट. त्या पानांवर आप्पांचं अक्षरही बारीक झालंय, किंवा मला तसं वाटतं. पण २००९ च्या मध्यापासून आकडे परत वर यायला लागतात. मी तारखा ताडून बघितल्या. आप्पांनी त्याच सुमारास घरपोच सुरू केलं होतं, फोनवर यादी घ्यायची आणि दुकानातल्या पोराकडून सायकलवर सामान पाठवायचं. सोसायट्यांच्या उधारीच्या खात्यांची वही त्या वर्षी जाड होत गेली आहे. भाजणी आणि मेतकूट ह्याच वेळी विक्रीला आलं. आई घरी करायची, तेव्हा मला वाटायचं हौस म्हणून करते. दरम्यान त्या चकचकीत दुकानाचं शटरही पडलं होतं.

२०१० ची दिवाळी, माझ्याजवळच्या नऊ वर्षांतली सगळ्यात चांगली दिवाळी आहे. महागाई वजा करूनही. मी सूत्र तीन वेळा तपासलं.

आणि सहा महिन्यांनी दुकान बंद.

एका शटरचा इतिहास

इथे आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपण सगळे दिवसभर डॅशबोर्ड बघणारे लोक आहोत. ज्या जागेत आमचं दुकान होतं, ती इमारत पाडून नवी झाली. तळमजल्यावर त्याच कोपऱ्यावर पुन्हा एक गाळा आहे. त्यात आधी मोबाइलचं दुकान होतं, मग लेडीज टेलर, मग केकवाला, आता मेडिकल. १९७४ पासून आजपर्यंत पाच बोर्ड. निव्वळ हिशेब केला तर १९७४ मध्ये एक दुकान होतं, आजही एकच आहे, वाढ शून्य, घट शून्य. पण मधे चार माणसांनी आपलं दुकान कायमचं वाढवलं. निव्वळ आकड्यात ती चारही माणसं दिसत नाहीत. सपाट दिसणाऱ्या रेषेखाली किती उघडझाप चाललेली असते, हे रेषा सांगत नाही.

आणि ही उघडझाप मोजणारंही कोणी नाही. दुकान उघडताना शॉप ॲक्ट लायसन्स काढावं लागतं. (महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनी नुसती सूचना दिली तरी पुरेल असं ठरवलं.) पण बंद करताना मुद्दाम जाऊन कळवतं कोण? आप्पांनी नव्हतं कळवलं. जन्माची नोंद असते, मृत्यूची नसते. अशा टेबलवरून काढलेला कुठलाही सरासरीचा आकडा मी ऑफिसमध्ये तरी मान्य करणार नाही.

म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये वितरकांच्या एका अखिल भारतीय महासंघाने "वर्षभरात दोन लाख किराणा दुकानं बंद पडली" असं म्हटलं, तेव्हा मी सवयीने कॅल्क्युलेटर काढला. दोष त्यांनी प्रामुख्याने दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या क्विक कॉमर्सला दिला होता. दावा करणारे हितसंबंधी आहेत हे धरून चालू. त्याच हिशेबात देशातली एकूण किराणा दुकानं एक कोटी तीस लाख होती. भागाकार करा, शेकडा दीड. म्हणजे २००८ च्या अभ्यासातल्या १.७ च्या आसपासच. भीती दर वेळी नवी असते, दर मात्र जुनाच.

पण थांबा. सरासरीमागे लपायचं नाही असं मी वर लिहिलंय, तेव्हा मलाही लपता येणार नाही. त्या दोन लाखांतली शेकडा ४५ दुकानं महानगरांतली होती असं महासंघाचं म्हणणं होतं, आणि देशातली बहुतेक किराणा दुकानं तर लहान शहरांत आणि गावांत आहेत. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या दुकानदाराला ही झळ सरासरीच्या कितीतरी पट लागली असणार. शिवाय घरपोच हे आप्पांचं हत्यार होतं. मॉलला हरवलं ते त्या सायकलने. आता समोरच्याकडेच सायकल आहे, आणि ती दहा मिनिटांत येते.

त्याच वेळी, ब्लिंकिटची डार्क स्टोअर्स मार्च २०२४ मध्ये ५२६ होती ती मार्च २०२५ मध्ये १,३०१ झाली. गिऱ्हाईक आत न येणारी दुकानं, बोर्ड नसलेली. ही वाढ डी-मार्टसारखी की सुभिक्षासारखी, ते आकड्यावरून कळत नाही. २००८ मध्येही कळलं नव्हतं.

उरलेल्या पंचवीसांतलं एक

तर आता जे शेवटी सांगतो म्हणालो होतो ते.

२०११ च्या उन्हाळ्यात तीन गोष्टी झाल्या. घरमालकाने इमारत बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि जुन्या भाडेकरूंना एकरकमी पैसे देऊ केले. दुकानातला पोरगा, जो बारा वर्षं आमच्याकडे होता, चाकणच्या एका कारखान्यात लागला. आणि आप्पांनी मला फोन केला. मी तेव्हा ऑनसाइट होतो, पहिलंच मोठं प्रोजेक्ट, तिकडे रात्रीचे दोन वाजले होते. आप्पांनी विचारलं, "तुझा परत यायचा काय विचार?" मी म्हटलं, "आप्पा, रिलीज आहे, नंतर बोलू." नंतर मी फोन केला नाही. दुसऱ्या महिन्यात आईने सांगितलं की दुकान आवरलं. मी विचारलं का, ती म्हणाली मॉलमुळे. आणि मी ते लगेच मान्य केलं. अगदी लगेच.

मला ते उत्तर सोयीचं होतं, म्हणून इतकी वर्षं मी ते तपासलं नाही. आईलाही ते सोयीचंच होतं. मॉलने खाल्लं म्हटलं की मुलाकडे बोट जात नाही.

गेल्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन चिंचवडला गेलो. आप्पांना आलेख दाखवला. २००८ चा खड्डा, २०१० चं टोक. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितला. मी म्हटलं, "आप्पा, दुकान मॉलमुळे नाही गेलं. माझ्यामुळे गेलं."

त्यांनी आलेखावर बोट ठेवलं, २०१० च्या टोकावर. म्हणाले, "हे बघ, इथे वाढवलं मी. खड्ड्यात असताना नाही वाढवलं. कोणाचं देणं नव्हतं, सगळ्यांची उधारी वसूल झाली होती, सतरा लोकांची मी सोडली. तुला दुकानात बसवायचं असतं तर तुझी इंजिनिअरिंगची फी कशाला भरली असती?" मग थोडं थांबून, "फोन मात्र करायला हवा होतास."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "काही म्हणा, मॉलनेच खाल्लं."

आप्पा हसले, मीही हसलो. वह्या पुन्हा गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवल्या. परत येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आप्पांच्या गोळ्या घेतल्या. साडेनऊ वाजले होते. मालकाने सुट्टे परत दिले, आतला दिवा घालवला आणि बाहेर उभ्या पोराला म्हणाला, "चल रे, वाढवू या."